पाहिलेलें आणि कळलेलें : तुर्की भाषेंतील दोन भूतकाळ

प्रत्येक भाषा बोलणाऱ्याकडून कांहीं गोष्टी सक्तीनें वदवून घेते. मराठींत कोणी आल्याची बातमी द्यावयाची झाली, तर ‘आला’, ‘आली’ किंवा ‘आलें’ ह्यांपैकीं एक निवडल्यावांचून आपली सुटका होत नाहीं. तुर्की भाषेस ह्याची मुळींच चाड नाहीं. तिच्यांत ‘तो’, ‘ती’ व ‘तें’ ह्या तिहींस मिळून ‘ओ’ हा एकच शब्द आहे, आणि क्रियापदास लिंग नाहीं. परंतु ह्या सवलतीच्या मोबदल्यांत ती बोलणाऱ्यास दुसराच एक प्रश्न विचारते : ‘ही गोष्ट तुला कशी कळली? घडतांना तूं स्वतः पाहिलीस, कीं मागाहून तुला समजली?’ ह्या प्रश्नाचें उत्तर दिल्यावांचून तुर्कींत घडलेल्या गोष्टीचें साधें वाक्य पुरें होत नाहीं. ह्या एका गोष्टीचा विचार प्रस्तुत धड्यांत करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

तुर्की ही तुर्कस्तानाची राजभाषा होय. ती मातृभाषा म्हणून बोलणारे लोक सुमारें आठ कोटी आहेत. ज्या विद्यार्थ्यांनीं तिचें पहिलें पुस्तक संपविलें आहे, त्यांस पुढची पायरी चढतां यावी, हा आमचा मुख्य हेतु आहे. परंतु ज्यांनीं तिचें एक अक्षरही पाहिलेलें नाहीं, त्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही हा धडा समजेल अशी आम्हांस आशा आहे.

मराठी माणसास ही भाषा वाटते तितकी परकी नाहीं. ‘कैची’ व ‘तोफ’ हे शब्द मूळचे तुर्की असून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आले. ‘मशालची’, ‘तोफची’ ह्या शब्दांच्या शेवटीं असलेला ‘ची’ हा तुर्की प्रत्ययच आहे. ‘बालिक’ म्हणजे मासा, आणि ‘बालिकची’ म्हणजे मासे धरणारा किंवा विकणारा. वाक्यरचनाही आपल्या ओळखीची आहे. क्रियापद शेवटीं येतें, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात : ‘एव’ म्हणजे घर, ‘एव्दे’ म्हणजे घरांत, ‘एव्देन’ म्हणजे घरांतून. आणखी एक गंमत पहा. आपण ‘म्हणणें’ ह्या धातूपासून ‘म्हणून’ हा शब्द करतों व तो कारण दाखविण्यासाठीं वापरतों. तुर्की लोकही ‘देमेक’ म्हणजे म्हणणें, ह्यापासून ‘दिये’ हा शब्द करतात. ‘याऽमुर याऽइयोर दिये गेल्मेदी’ ह्या वाक्याचें भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करतां येतें : ‘पाऊस पडतो आहे म्हणून आला नाहीं.’

पूर्वीं तुर्की भाषा अरबी लिपींत लिहीत असत; इ. स. १९२८ च्या कायद्यानें तिच्यासाठीं रोमन लिपी ठरविण्यांत आली. येथें आम्ही उदाहरणें देवनागरींत देत आहों. ‘झ’ हें अक्षर ‘माझा’ ह्या शब्दांतल्याप्रमाणें वाचावें, आणि ‘ऽ’ ही मागचा स्वर लांबविण्याची खूण समजावी. तुर्कींतील कांहीं स्वरांस आपल्याकडे अक्षर नाहीं, म्हणून त्यांचा खरा उच्चार जाणत्याच्या तोंडूनच ऐकावा.

१. रूपें कशीं होतात

‘गेल्मेक’ म्हणजे येणें. त्यांतील ‘मेक’ काढून टाकिल्यावर ‘गेल’ हा धातु उरतो. ह्या धातूस ‘दी’ लाविला म्हणजे ‘गेल्दी’ होतें, आणि ‘मिश’ लाविला म्हणजे ‘गेल्मिश’ होतें. दोहोंचाही अर्थ मराठींत आपण ‘आला’ असाच करूं. परंतु तुर्की मनुष्यास ह्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. त्यांच्या व्याकरणांत पहिल्यास ‘पाहिलेला भूतकाळ’ व दुसऱ्यास ‘कळलेला भूतकाळ’ अशा अर्थाचीं नांवें आहेत.

तुर्कींत आठ स्वर आहेत, आणि प्रत्ययाचा स्वर धातूच्या शेवटच्या स्वराशीं जुळवून घ्यावा लागतो, हें पहिल्या पुस्तकांत आलेंच आहे. म्हणून ‘ओकु’ म्हणजे वाचणें, ह्याचीं रूपें ‘ओकुदु’ व ‘ओकुमुश’ अशीं होतात. धातूच्या शेवटीं कठोर व्यंजन असेल तर ‘दी’चा ‘ती’ होतो : ‘गित’ म्हणजे जाणें, त्याचीं रूपें ‘गित्ती’ व ‘गित्मिश’. पुरुषाप्रमाणें पुढें प्रत्यय लागतात : गेल्दिम, मी आलों, गेल्दिन, तूं आलास, गेल्दिक, आम्ही आलों. त्याचप्रमाणें गेल्मिशिम, गेल्मिशसिन, गेल्मिशिझ. येथवर केवळ पाठांतराचा भाग झाला. खरा अभ्यास पुढेंच आहे.

२. ‘मिश’च्या तीन वाटा

समजा, अली नांवाचा मुलगा शाळेंतून घरीं आला. त्याची बहीण दारांत उभी होती व तिनें त्यास येतांना पाहिलें. ती आईस सांगेल, ‘अली गेल्दी.’ आतां आई स्वयंपाकघरांत आहे. तिनें अलीस पाहिलेलें नाहीं. ती वडिलांस सांगेल, ‘अली गेल्मिश.’ येथें ‘मिश’चा अर्थ ‘मला दुसऱ्याकडून कळलें’ असा आहे. आपण म्हणूं, ‘अली आला म्हणे.’ ही पहिली वाट.

त्याच वेळीं आजोबा बाहेरून येतात. त्यांस कोणीं कांहीं सांगितलेलें नाहीं. परंतु दाराशीं अलीचे जोडे काढून ठेविलेले त्यांस दिसतात. तेही म्हणतील, ‘अली गेल्मिश.’ येथें अर्थ ‘खुणेवरून मीं ताडलें’ असा आहे. मराठींत, ‘अली आलेला दिसतो.’ ही दुसरी वाट.

इतक्यांत मोठा भाऊ सहज खोलीचें दार उघडतो, तों आंत अली बसलेला! तोही उद्गारेल, ‘अली गेल्मिश!’ अली त्याच्या डोळ्यांसमोर आहे. परंतु त्याचें येणें त्यानें पाहिलेलें नाहीं, तें त्यास आतां एकाएकीं उमगलें. आपण म्हणूं, ‘अरे, अली आलाय कीं!’ ही तिसरी वाट.

ह्या तिसऱ्या वाटेनें ‘मिश’ नित्याच्या बोलण्यांत वारंवार येतो. पाहुणा ताटांतील पदार्थाचा पहिला घांस घेतो आणि म्हणतो, ‘चोक ग्युझेल ओल्मुश’, म्हणजे ‘फार छान झालें आहे हो!’ पदार्थ शिजतांना त्यानें पाहिला नाहीं. त्याची गोडी त्यास ह्या क्षणीं कळली. अशा वेळीं विद्यार्थ्यानें ‘ओल्दु’ म्हटलें तर यजमानीणबाईंस तें कोरडें वाटेल.

३. ‘मिश’ म्हणजे संशय नव्हे

पुष्कळ विद्यार्थी येथें एक सोपी परंतु चुकीची समजूत करून घेतात. ‘दी’ म्हणजे खात्री आणि ‘मिश’ म्हणजे संशय, असें ते टिपणवहींत लिहून ठेवितात. ह्या समजुतीनें पुढें पदोपदीं अडखळावें लागतें.

सकाळीं उठून खिडकी उघडावी आणि सारें अंगण पांढरें शुभ्र दिसावें, तेव्हां तुर्की मनुष्य म्हणतो, ‘कार याऽमिश’, म्हणजे बर्फ पडलें आहे. त्यास संशय आहे काय? तिळमात्र नाहीं. परंतु तें पडत असतां तो झोपेंत होता. रात्रभर जागून ज्यानें तें पडतांना पाहिलें, तो ‘कार याऽदी’ असें म्हणेल. दोघांची खात्री सारखीच आहे; खात्री ज्या वाटेनें आली ती वाट मात्र वेगळी आहे. तात्पर्य, ह्या दोन प्रत्ययांनीं ज्ञानाचें वजन मोजिलें जात नाहीं, ज्ञानाचा उगम सांगितला जातो.

संशयच दाखवावयाचा असेल तर त्यासाठीं निराळी युक्ति आहे. ‘मिश’ दोनदां लावून ‘गेल्मिशमिश’ असें म्हटलें म्हणजे ‘म्हणे आला होता! कोण विश्वास ठेवतो!’ असा उपरोधाचा सूर निघतो. वडील माणसांशीं बोलतांना विद्यार्थ्यांनीं हें रूप जपून वापरावें.

४. ‘दी’ म्हणजे केवळ डोळे नव्हेत

उलट बाजूनेंही सावध राहिलें पाहिजे. आपला जन्म कोणीं पाहिलेला असतो? तरीही तुर्की मनुष्य ‘इस्तान्बुलदा दोऽदुम’, म्हणजे ‘मी इस्तंबूल येथें जन्मलों’, असें ‘दी’च्याच कुळांतील रूपानें सांगतो. शाळेंतील इतिहासाचा धडाही असाच चालतो. इ. स. १४५३ मध्यें इस्तंबूल शहर तुर्कांनीं घेतलें, इ. स. १९२३ मध्यें तुर्की प्रजासत्ताक स्थापन झालें, हीं वाक्यें ‘दी’नें सांगितलीं जातात. जी गोष्ट सर्वमान्य झाली आणि आपल्या ज्ञानांत पक्की बसली, तिची हमी बोलणारा स्वतः घेतो. एखाद्यानें १४५३ सालची तीच गोष्ट बोलतांना ‘मिश’ लावून सांगितली, तर ऐकणारास वाटेल कीं, ह्यास ही गोष्ट आजच प्रथम कळली!

वर्तमानपत्रें आपल्या बातम्या बहुधा ‘दी’नें छापतात, म्हणजे पत्र त्या बातमीची जबाबदारी पतकरतें. जी गोष्ट सिद्ध झालेली नाहीं तिच्या शेवटीं ‘इद्दिया एदिल्दी’, म्हणजे ‘असें प्रतिपादन करण्यांत आलें’, हे शब्द येतात. येथें हमी घटनेची नसून कोणीतरी तसें प्रतिपादन केलें, एवढ्याचीच असते. वाचतांना ही बारीक रेघ ओळखतां येणें, हें ह्या भाषेंत पुढें गेल्याचें एक चिन्ह समजावें.

५. स्वतःविषयीं बोलतांना

‘मिश’ प्रथम पुरुषीं कसा लागेल, अशी शंका येणें साहजिक आहे. स्वतः केलेली गोष्ट स्वतःस ठाऊक नाहीं, असें कसें होईल? परंतु असें रोज होतें. वाचतां वाचतां डोळा लागला आणि जाग आल्यावर तें कळलें, तर ‘उयुमुशुम’, म्हणजे ‘मला झोप लागली होती वाटतें’. शाळेंत येऊन दप्तर उघडलें तों लेखणी नाहीं, तर ‘कालेमिमी एव्दे उनुत्मुशुम’, म्हणजे ‘माझी लेखणी मी घरीं विसरून आलों कीं!’ ह्यांतील ‘कालेम’ व आपलें ‘कलम’ हा मुळांत एकच अरबी शब्द आहे. विसरण्याच्या क्षणीं विसरल्याचें भान नसतें, तें मागाहून येतें; म्हणून येथें ‘मिश’ अगदीं चपखल बसतो.

आतां पालकांनीं लक्ष द्यावें असें एक उदाहरण देतों. घरांत एक पेला फुटला आहे. आपल्याकडे मूल ‘मीं पेला फोडला’ असें म्हणण्याऐवजीं ‘पेला फुटला’ असें म्हणतें, आणि कर्त्यास वाक्यांतून हळूच बाहेर काढून देतें. तुर्की मुलालाही ही पळवाट आहे. तें म्हणूं शकतें, ‘बार्दाक किरिल्दी’, म्हणजे ‘पेला फुटला’. परंतु येथें ‘दी’ असल्यामुळें फुटतांना आपण तेथेंच होतों, हें त्यास कबूल करावें लागतें. तेंही टाळण्यासाठीं तें ‘बार्दाक किरिल्मिश’ असें म्हणालें, तर त्याचा अर्थ, ‘मी येथें नव्हतों, आलों तों पेला फुटलेला आढळला.’ ज्याच्या हातून पेला पडला त्यानें असें म्हणणें, म्हणजे कर्ता लपविणें एवढेंच नव्हे, तर आपण साक्षीदारही नव्हतों असें खोटें सांगणें होय. एका लहानशा प्रत्ययांत केवढी जबाबदारी भरलेली असते, हें ह्यावरून दिसून येईल.

६. तीन खांचखळगे

पहिला. नामास किंवा विशेषणास ‘मिश’ लागला म्हणजे त्यांत भूतकाळ असेलच असें नाहीं. ‘हस्ता’ म्हणजे आजारी. ‘हस्तायदी’ म्हणजे ‘आजारी होता’. हा भूतकाळ झाला. परंतु ‘हस्तायमिश’ म्हणजे ‘आजारी आहे म्हणे’ किंवा ‘आजारी होता म्हणे’. दोहोंपैकीं कोणतें, तें संदर्भावरून ठरवावें. त्याचप्रमाणें ‘गेलियोरमुश’ म्हणजे ‘येत आहे म्हणे’, आणि ‘गेलेजेकमिश’ म्हणजे ‘येणार आहे म्हणे’. म्हणजे कळलेली गोष्ट वर्तमानांतील किंवा भविष्यांतीलही असूं शकते.

दुसरा. ‘मिश’च्या पुढें आणखी ‘ती’ येऊन ‘गेल्मिश्ती’ असें रूप झालें, तर त्यांत ऐकीव ज्ञानाचा संबंध राहत नाहीं. त्याचा अर्थ सरळ ‘आला होता’ एवढाच. बोलणाऱ्यानें तें स्वतः पाहिलेलें असूं शकतें. येथें ‘मिश’ फक्त क्रिया आधींच पुरी झाल्याचें दाखवितो.

तिसरा. ‘गेल्मिश्तिर’ हें रूप कागदावर एक अर्थ देतें व तोंडांत दुसरा. सरकारी पत्रांत, विद्वानांच्या ग्रंथांत तें निश्चित विधान असतें : ‘आलेला आहे’. परंतु घरगुती बोलण्यांत बहुधा ‘एव्हांना आला असेल’ असा तर्क त्यांतून निघतो. जें रूप छापील पानावर सर्वांत ठाम तेंच ओट्यावरच्या गप्पांत अंदाजाचें होतें, हें ध्यानांत ठेवावें.

७. जुनी साक्ष आणि जुन्या गोष्टी

हा भेद अलीकडच्या पंडितांनीं शोधून काढिलेला नाहीं. अकराव्या शतकांत महमूद अल्-काश्गरी नांवाच्या विद्वानानें बगदाद येथें तुर्की बोलींचा एक मोठा कोश अरबी भाषेंत रचिला. त्यांतच त्यानें नमूद केलें आहे कीं, एक रूप बोलणाऱ्याच्या समक्ष घडलेल्या गोष्टीस आणि दुसरें त्याच्या गैरहजेरींत घडलेल्या गोष्टीस लागतें. म्हणजे नऊशें वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न त्या भाषाकुळांत विचारला जात आहे.

परीकथा तर ‘मिश’वांचून सुरूच होत नाहीं. आपण ‘एक होता राजा’ असें म्हणतों. तुर्की आजीबाई ‘बिर वारमिश, बिर योकमुश’ असें म्हणतात, म्हणजे ‘एक होतें म्हणे, एक नव्हतें म्हणे’. पहिल्याच शब्दांत त्या सांगून टाकतात कीं, बाळांनो, हें मीं पाहिलेलें नाहीं, ऐकलेलें आहे.

नसरुद्दीन होजाच्या गोष्टीही अशाच ‘मिश’नें रंगतात. त्याची म्हणून दाखविली जाणारी कबर आक्शेहिर गांवीं आहे. त्याची एक गोष्ट आमच्या विषयास फार जुळते. एक शेजारी होजाकडे गाढव मागावयास आला. होजा म्हणाला, ‘गाढव घरीं नाहीं.’ इतक्यांत गोठ्यांतून गाढव ओरडलें. शेजारी म्हणाला, ‘अहो, गाढव तर आंतच आहे!’ तेव्हां होजा रागावून म्हणाला, ‘माझ्या पांढऱ्या दाढीवर तुझा विश्वास नाहीं, आणि गाढवावर ठेवतोस?’ ही गोष्ट तुर्कींत सांगतांना ‘शेजारी आला’, ‘होजा म्हणाला’, हीं क्रियापदें ‘मिश’नें सांगावींत, परंतु पात्रांच्या तोंडचे शब्द ज्याचे त्यानें जसे उच्चारिले तसेच ठेवावे. हा सराव विद्यार्थ्यांनीं मुद्दाम करावा.

८. आपल्या मराठीकडे पाहतांना

मराठींतही ह्या कामाचीं साधनें आहेत. ‘म्हणे’ आहे, ‘दिसतें’ आहे, ‘वाटतें’ आहे, ‘असावा’ आहे. भेद इतकाच कीं, तुर्कींत ही निवड करावीच लागते, आणि मराठींत ती बोलणाऱ्याच्या इच्छेवर सोपविलेली आहे. ‘अमका परीक्षेंत नापास झाला’, ‘तमक्याच्या मुलीनें पैसे चोरले’, अशीं वाक्यें ‘म्हणे’ गाळूनही आपल्याकडे शुद्धच ठरतात. तीं एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जातात, आणि कोणीं पाहिलें हें विचारण्यास व्याकरण आडवें येत नाहीं. चार घरें फिरून आल्यावर ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या थाटांत परत येते, आणि एखाद्या मुलाचें नांव कायमचें खराब होतें.

तुर्की बोलणारे लोक ह्या प्रत्ययामुळें अधिक सत्यवादी असतात, असें आम्ही म्हणत नाहीं; ज्यास खोटें बोलावयाचें तो ‘दी’ लावूनही बोलूं शकतो. परंतु त्या भाषेंत निदान प्रत्येक वाक्यागणिक तो प्रश्न उभा राहतो. आपल्या भाषेंत तो आपला आपणच विचारावा लागतो. परभाषा शिकण्याचा एक मोठा लाभ हाच आहे कीं, स्वभाषेंतील जी सोय आपण सहज विसरतों ती ती दाखवून देते. ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द योग्य ठिकाणीं वापरण्यास कांहींच खर्च लागत नाहीं.

अभ्यास

पुढील प्रसंगीं ‘दी’ येईल कीं ‘मिश’, तें कारणासह सांगा.

(१) तुम्ही स्थानकावर उभे होतां आणि गाडी तुमच्यासमोर सुटली. (२) तुम्ही स्थानकावर पोंचलां, तों फलाट रिकामा होता. (३) मित्रानें सांगितलें कीं गुरुजी गांवाला गेले. तें तुम्ही आईस सांगत आहां. (४) तुमच्या जन्माचें वर्ष. (५) दप्तरांत हात घातला, आणि डबा घरीं राहिल्याचें कळलें.

उत्तरें : पहिल्यांत व चौथ्यांत ‘दी’, दुसऱ्यांत, तिसऱ्यांत व पांचव्यांत ‘मिश’. दुसरें खुणेवरून, तिसरें ऐकून व पांचवें मागाहून आलेल्या भानामुळें.

हीं उत्तरें जुळल्यावर विद्यार्थ्यांनीं एक दिवस आपल्याच मराठी बोलण्यावर नजर ठेवावी. सायंकाळीं घरीं आल्यावर दिवसभरांत दुसऱ्यांविषयीं आपण कायकाय सांगितलें तें आठवावें, आणि त्यांतील किती वाक्यांस तुर्कींत ‘दी’ लावतां आला असता, तें प्रामाणिकपणें मोजून पाहावें.